गोड वासाची गाडी

“फुलाच्या गं आधी दारी वास येतो, लेकीच्या गं आधी तिचा जीव येतो…” हा आवाज मैनेच्या आईचा, नवसाबाईचा. मखमलाबादच्या मळ्यात, उजाडायच्या आत, पोत्यावर मांडी घालून ती शेवंतीच्या माळा ओवायची आणि तोंडानं हे चालू असायचं. आवाज काही गोड नव्हता. थोडा फाटका, नाकातून येणारा, पण चुलीशेजारी ठेवलेल्या तांब्यासारखी त्याला एक ऊब होती. मैना तेव्हा परकरातली पोर. आईच्या मांडीला टेकून अर्ध्या झोपेत ती ओवी अंगावर घ्यायची आणि तिला खरंच वाटायचं, की वासाला पाय असतात. तो पुढं चालत येतो आणि फुलं त्याच्या मागून, दमत-भागत. कुणी पाहुणा यायचा झाला की ती दारात उभी राहून आधी हवा हुंगायची. आई हसायची, म्हणायची, कुत्र्याचं नाक घेऊन जन्मलीय माझी लेक. त्या ओवीनं तिला एक खोड लावली ती लावलीच: डोळ्यांच्या आधी नाकावर विश्वास ठेवायचा. आणि आज, इतक्या वर्षांनी, नाशकाहून सिन्नरला जाताना मोहदरी घाटाच्या ऐन चढावर तिच्या गाडीच्या बॉनेटखालून पांढरी वाफ फुसफुसत बाहेर येऊ लागली, ती त्या खोडीपायीच.

कारण वास तर केव्हाचा येत होता. दिवाळी उलटल्यापासून गाडीला एक गोडूस वास लागला होता, जरासा ओलसर, गुळाच्या पाण्यासारखा, आणि मैना त्या वासावर खूश होती. ही जुनी डिझेलची गाडी आडगावच्या त्यांच्या मळ्यातून रोज पहाटे गणेशवाडीच्या फूलबाजारात जायची, मागची सीट आडवी पाडून त्यावर शेवंती, गुलाब, निशिगंधाच्या जुड्या. तिला वाटलं, निशिगंध मुरला गाडीत. लोणचं मुरतं तसा. एकदा फुलं नसतानाही वास आला, तेव्हा तिला उलट भरूनच आलं. म्हणजे आता ही गाडी नुसती पत्र्याची राहिली नाही, आपल्यातली झाली. थंडीत सकाळी सायलेन्सरमधून पांढरा धूर निघायचा, पण थंडीत कोण वाफ सोडत नाही? बैल सोडतो, माणूस सोडतो, नदी सोडते. शेजारी बसलेल्या नवऱ्याला तिनं एकदा विचारलंही होतं, “अहो, वास येतो का तुम्हाला, निशिगंधाचा?” त्यानं मान हलवली होती, हो किंवा नाही, कशीही लावावी तशी. त्याची सगळी नोकरी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात गेली होती. कोळशाच्या धुरळ्यानं त्याच्या नाकाचं दार कधीचंच बंद केलं होतं.

“अहो, वाफ येतीय!”

“दिसतंय,” तो म्हणाला.

तिनं गाडी कडेला घेतली. उष्णता दाखवणारा काटा तांबड्या रेघेवर जाऊन चिकटला होता, देवाला हात जोडल्यासारखा उभा. मागं टोपल्यांत लेकीच्या डोहाळजेवणाची फुलं होती: निशिगंधाच्या कळ्यांचे बाजूबंद, गुलाबाचा मुकुट, शेवंतीचा कंबरपट्टा. सगळं तिनं स्वतः गुंफलेलं. हर्षाली सिन्नरला दिली होती आणि दुपारी तिची फुलांची वाडी भरायची होती. मैनेच्या मनात एकच आलं, की फुलांना ऊन लागायला नको. ती फुलांवर शिंपडायच्या पाण्याची बाटली घेऊन पुढं धावली, पदरानं बॉनेट उचललं, आणि रेडिएटरच्या झाकणाकडं हात नेला. तेवढ्यात तिचं मनगट कुणीतरी धरलं. घट्ट. बांगड्या आत रुतल्या इतकं.

“थांब. उघडू नको. उकळतंय आत, तोंडावर यील.”

तिचा नवरा कारभारी कधी उतरला, कधी वळसा घालून आला, तिला कळलंच नव्हतं. तो धोका टळला, बॉनेट वर अडकवून झालं, तरी हात तसाच राहिला. घाटातून ट्रक हुंकारत चढत होते, एसटीतली माणसं खिडकीतून बघत होती, आणि भर रस्त्यात, माणसांदेखत, तिच्या नवऱ्यानं तिचं मनगट धरलेलं होतं. तिला एकाएकी लाज वाटली, पोरीबाळींना वाटावी तशी, आणि त्या लाजेखाली आणखी काहीतरी, थंडीत अंगावर पहिलं ऊन पडावं तसं. त्याचा तळवा खरखरीत होता. हा तळवा आपल्याला ठाऊक आहे की नाही, असा विलक्षण प्रश्न तिला पडला. मग त्यानं हात सोडला आणि तो हात पाठीमागं घेऊन उभा राहिला, जणू काही झालंच नव्हतं. एक टेम्पोवाला वेग कमी करून ओरडला, “काय मावशी, घाटात चहा ठेवला का?” “ठेवलाय, ये बशी घेऊन!” मैनेनं तिथल्या तिथं फेकलं. टेम्पोवाला खो खो हसत गेला. तिनं चोरून बघितलं, कारभाऱ्याच्या मिशा हलल्या का. हलल्या असाव्यात. वाराही होता.

त्यानं फोन काढून जावयाला, रोहितला, घाटात येण्याविषयी सांगितलं; नेहमीसारखं तीन शब्दांत. मग दोघं दगडावर बसून राहिली, तो एका दगडावर, ती थोडी दूर दुसऱ्या दगडावर, मधे फुलांच्या टोपल्या, त्यांच्यावर तिचा ओला टॉवेल. आणि वाट बघता बघता मैनेचं मन गाडीभोवती घिरट्या घालू लागलं, मधमाशी बंद पेटीभोवती घालते तसं. ही गाडी बंद पडली तर? नुसती आज नाही, कायमची? आधी फुलं परक्याच्या टेम्पोतून जायची आणि ती मागं जुड्यांवर बसून, तोंडाला पदर लावून, उलट्या दिशेनं रस्ता बघत जायची. जे मागं पडलं तेवढंच तिला दिसायचं. स्टिअरिंग हातात आलं आणि रस्ता सुलटा झाला. पहाटे पंचवटीच्या पुलावर गाडी चढली, खाली गोदेवर धुकं आणि समोर दिवे, की तिला वाटायचं आपण कुणाची सून नाही, आई नाही, आपण नुसत्या जाणाऱ्या आहोत. तिसऱ्यातून चौथा गिअर पडताना हाताला जो लोण्यासारखा सरकतेपणा लागतो, त्याचं सुख तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगायचं कसं? हे काय सांगण्यासारखं सुख होतं?

गाडी पहिल्यांदा कारभारीच चालवायचा. मग डोळ्यांच्या डॉक्टरनी सांगितलं, कडेचं दिसणं कमी होत चाललंय, आता स्टिअरिंग सोडा. दुसऱ्या दिवशी मैनेनं हळदीकुंकवाचा करंडा उघडायला घेतला तर शेजारी गाडीची चावी ठेवलेली. ते देणं होतं की टाकून देणं होतं, हे तिला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळलेलं नव्हतं. ती पंचवटीतल्या ड्रायव्हिंग स्कूलला गेली, दोनदा कुंपणात शिरली, एकदा केळ्यांच्या गाड्यावर, आणि शेवटी परवान्याच्या खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. तिथला प्रसंग आठवला की तिला आजही एकटीला हसू फुटायचं. आतल्या माणसानं मान खाली घालूनच विचारलं होतं, पतीचं नाव? आता नवऱ्याचं नाव म्हटल्यावर साधं सरळ सांगायचं असतं हे तिच्या जिभेला ठाऊकच नव्हतं. जीभ आपली लग्नमांडवात गेली आणि ती खिडकीत तोंड घालून म्हणाली, “पहिला गिअर टाकते, क्लच सोडते हळू, कारभाऱ्यांचं नाव घ्यायला कशाला मी टाळू!” रांगेतल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. आतला माणूस चष्मा वर करून म्हणाला, “अहो मावशी, छान आहे. पण कारभारी म्हणजे नवरा, ते कळलं. नाव सांगा ना!” “तेच.” “काय तेच?” “तेच नाव.” “कुणाचं?” “कारभाऱ्यांचं!” असं बराच वेळ चाललं, आणि मागं उभा असलेला कारभारी भिंतीवरच्या वाहतुकीच्या खुणा वाचत राहिला, एकेक, मन लावून, जणू परीक्षा त्याचीच होती.

हे नाव तिच्या वाट्याला आलं हीसुद्धा एक गंमतच. गावातल्या सगळ्या बाया नवऱ्याला कारभारीच म्हणत. “आमचे कारभारी शेतात गेलेत,” “कारभारी, जेवाय चला.” त्यांना तो शब्द म्हणजे आडोसा होता, नावावर घातलेला पदर. मैनेला तेवढाही आडोसा नव्हता. तिच्या घरात तो शब्दच नाव होता, म्हणून ती “अहो” म्हणायची, “हर्षूचे पप्पा” म्हणायची, कधी नुसती भांडी आपटायची. आणि मग एका सकाळी आडगावच्या चहाच्या टपरीपुढं तिनं गाडी थांबवली, तो उतरून चहा प्यायला गेला, आणि कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, “काय कारभारी, कारभार गेला वाटतं कारभारणीकडं!” सगळे हसले. उघड्या काचेतून ते तिच्या कानावर आलं. कारभाऱ्यानं चहा संपवला, येऊन शेजारी बसला, ताठ, मान समोर. तेव्हापासून मैनेच्या मनात एक काटा होता, बारीक, बाभळीचा, दिसत नाही पण पाय टाकला की कळतो. ह्यांना लाज वाटते. ह्यांना भीती वाटते. आपण चालवतो ते ह्यांना सोसावं लागतं. रोज गणेशवाडीला जाताना हा माणूस शेजारी येऊन बसतो, काम काही नसतं, तरी बसतो, आणि आपण त्याला रोज थोडं थोडं लहान करतो. मग ती आणखी जोरात ट्रकवाल्यांशी बोलायची, “हो बाबा, जा, तुला घाई हाय, माझी फुलं झोपलीत मागं,” असं काहीबाही, त्याची शांतता भरून काढायला.

रोहित आला तो आपल्या नव्या, आवाज न करणाऱ्या गाडीतून, आणि बरोबर सिन्नरच्या गॅरेजवाल्या ललितला घेऊन. ललित हा गोलमटोल, सदा हसरा माणूस. इंजिन बऱ्यापैकी निवल्यावर त्यानं तेलाचं झाकण उघडलं आणि उलटं करून मैनेपुढं धरलं. झाकणाला आतून तपकिरी फेस, दुधाच्या चहावर साय धरावी तसा.

“पाणी तेलात गेलं मावशी. हेड गॅस्केट फुटलं. बरं, मला सांगा, गोड वास येत होता का गाडीला?”

“यायचा की. निशिगंधाचा.”

“निशिगंध कसला? कूलंट जळत होतं ते!”

रोहित हसायला लागला, ललित टायरला धरून हसायला लागला, “अहो मावशी, रेडिएटरचं पाणी सायलेन्सरमधून चाललं होतं, आणि तुम्ही हुंगत बसलात!” आणि मैनाही हसली, डोळ्यांत पाणी येईस्तोवर, आईनं सांगितलेलं नाक असं भर घाटात तोंडावर आपटलं होतं. हसता हसता तिला कुठंतरी वाईटही वाटलं. इतके दिवस ही गाडी आजारी होती आणि आपण तिच्या तापालाच अत्तर समजत होतो.

“मामी, आता पुरे झालं,” रोहित म्हणाला. सासूला तो मामी म्हणायचा, आणि जीव लावून म्हणायचा. “ही भंगारात देऊन टाकू. तुम्ही दोघांनी आता दगदग करायची नाही.”

डोहाळजेवण झकास झालं. हर्षाली फुलं ल्याली तेव्हा तिच्या तोंडावर असं काही तेज चढलं, की मैनेनं बोटं मोडून दृष्ट काढली. दोन वाट्यांखाली पेढा आणि बर्फी झाकून ठेवली होती. एक उघडायची, पेढा निघाला तर मुलगा, बर्फी तर मुलगी. हर्षालीनं दोन्ही वाट्या एकदम उघडल्या आणि दोन्ही तोंडात टाकल्या. बायका ओरडल्या, “अगं बया, जुळं का?” “भूक लागलीय मला!” ती म्हणाली. सगळा मांडव हसला. पण मैनेचा एक कान पलीकडं होता, जिथं पुरुषांच्या पंगतीत रोहित कारभाऱ्याला काही समजावत होता, आणि तिला कारभाऱ्याचं उत्तर ऐकू आलं. “बघू.”

बघू. ह्या एका शब्दानं तिला रात्रभर लेकीच्या घरी कूस बदलायला लावली. नोकरीतल्या बढतीला तो बघू म्हणाला होता आणि बढती घेतली नव्हती. हर्षालीच्या ह्या स्थळालाही बघूच म्हणाला होता आणि लग्न थाटात लावलं होतं. त्याच्या बघूला दोन्ही बाजूंनी दारं होती. आणि आपण? आपण कधी काय म्हणालो? पाहुणे आले तेव्हा चहा घ्या म्हणालो. नांदायला आलो तेव्हा बरं म्हणालो. गाडी चालवायची का असं कुणी विचारलंच नव्हतं, चावी नुसती ठेवलेली होती, म्हणून हो म्हणायची वेळही आली नव्हती. आता विचारतील तेव्हा तरी आपल्याला बोलता येईल का? उशीला अजून हर्षालीच्या केसांतल्या गुलाबाचा वास येत होता. खरा असावा, असं तिला वाटलं, आणि स्वतःशीच ती पुन्हा हसली.

सकाळी सगळे गॅरेजात जमले; गाडी ललितनं कालच घाटातून ओढून आणली होती. पत्र्याच्या छपरातून उन्हाच्या काठ्या खाली उतरल्या होत्या आणि त्यांत डिझेलचा वास तरंगत होता. ललितनं इंजिनचं डोकं उतरवून गोणपाटावर ठेवलेलं, मुंडावळ्या काढलेल्या नवरदेवासारखं बिचारं. त्यानं एक पातळ काळं पान उचललं, भोकाभोकांचं, आणि एका ठिकाणी बोट ठेवलं. तिथं दोन भोकांमधली पट्टी जळून गेली होती.

“हे बघा. इथून पाणी जातं, इथून तेल, आणि ह्या मोठ्या गोलात आग. तिघं कसे खेटून, पण भेट नाही. हे पान मधे हाय तोवर इंजिन चालतं. हेड जरा वाकलंय, ते घासून सपाट होईल. खालचा ब्लॉक ठणठणीत. गाडी उभी राहील म्हणजे राहील. करायचं का नाय, ते तुम्ही ठरवा.”

मैनेनं ते पान हातात घेतलं. किती हलकं होतं. एवढंसं काहीतरी मधे, आणि त्याच्या अल्याड आग, पल्याड पाणी, वर्षानुवर्षं, एकमेकांच्या अंगाला अंग लावून आणि एकमेकांना न कळता. तिनं नकळत कारभाऱ्याकडं बघितलं. तो स्टुलावर बसून छपराकडं बघत होता. मग ती स्वतःवरच चिडली. गॅरेजात उभं राहून कसले विचार करतेस बाई, तेल लागलं हाताला.

“ठरवायचं काय त्यात?” रोहित म्हणाला. “मामी, फुलांची काळजी सोडा. मी गणेशवाडीला रोज टेम्पो लावून देतो. फुलं तुमच्याआधी पोचतील बाजारात.”

त्याचा चेहरा किती भला होता. हो म्हणणं किती सोपं होतं. तिच्या जिभेवर ते “बरं” आलंही होतं, गुळगुळीत, वापरून वापरून झिजलेलं. ते तिनं गिळलं.

“फुलं टेम्पोतनं जातील, रोहितराव,” ती म्हणाली. “मी कशातनं जाऊ?”

“म्हणजे?”

“म्हणजे मला चालवायचीय. मला आवडती गाडी चालवायला. लय आवडती.” तिनं ते काळं पान गोणपाटावर परत ठेवलं. “कामासाठी नाय. नुसती बी आवडती.”

बोलून झाल्यावर तिला एकदम हलकं वाटलं, डोक्यावरची पाटी कुणीतरी उतरवून घ्यावी तसं, आणि हसूही येऊ लागलं, की एवढंच तर होतं. रोहितनं मान खाजवली. तिला दुखवायचं त्याच्या मनात नव्हतं, तरी म्हणाला, “मामी, तुमचं बरोबर आहे हो. पण मामांचाही विचार करा ना. मी पाहिलंय, तुम्ही चालवता तेव्हा ते काचेवरचं हँडल धरून बसतात, एकदा धरलं की नाशिक येईपर्यंत सोडत नाहीत. जीव मुठीत असतो त्यांचा. बोलत नाहीत म्हणून काय झालं?”

मैनेच्या तोंडावरचं हसू तिथंच थिजलं. तर ते रोहितलाही दिसलं होतं. काटा एकट्या तिच्याच पायात नव्हता. ती पदराच्या टोकानं बोटाचं तेल पुसत राहिली; आता वर बघणं शक्यच नव्हतं. स्टूल सरकल्याचा आवाज झाला. कारभारी उठून इंजिनापाशी आला होता.

“हँडल व्हय?” तो म्हणाला. “ते हात कुठं ठिवावा कळत नाय म्हणून धरतो.”

ललित फिस्सकन हसला आणि लगेच गप्प झाला. कारण कारभारी अजून बोलत होता. खाली बघत, त्या उतरवलेल्या हेडशी बोलल्यासारखा, एकेक शब्द शोधून.

“दुरुस्त कर रे ही गाडी. नीट कर. घरात मी वट्यावर असतो, ही आत चुलीपाशी. कुठं कार्याला गेलो तर बाया एकीकडं, बाप्ये एकीकडं. हिच्या शेजारी मी लग्नात पाटावर बसलो होतो, त्यानंतर ह्या गाडीतच. मला तिथं बसायला आवडतं.”